नांदगावची बाई

प्रायोगिक अर्थशास्त्र शिकवते असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं होतं, "म्हणजे मुलांना बँकेत नेता का तुम्ही?" आमच्या नाशिकच्या कॉलेजात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला हा पेपर सुरू करायचा ठरला, तेव्हा त्या वेळच्या प्राचार्यांनी एवढंच विचारलं, की गॅसची जोडणी लागेल का. मी नाही म्हटल्यावर त्यांनी ताबडतोब सही केली. आता मी निवृत्त होऊन घरी बसले आहे आणि संपादकांनी कळवलं आहे की कामातले गमतीदार अनुभव लिहा. गमतीदार एक आहे, तो आधी सांगून टाकते. दुसरा तसा नाही.

विषय तसा साधा. पुस्तकातला माणूस कायम स्वतःचा फायदा बघतो. खरा माणूस तसंच करतो का, हे त्याला नुसतं विचारून कळत नाही, कारण विचारलं की सगळेच कर्णाचे अवतार होतात. म्हणून आम्ही त्याला एक छोटा खेळ देतो. त्या खेळात त्याला खरोखरीचं काहीतरी मिळतं किंवा हातचं जातं. तो काय करतो ते पाहायचं, दुसऱ्या कोणाला ते कळू द्यायचं नाही आणि मुकाट्यानं नोंद करायची. इतर ठिकाणी यासाठी पैसे वापरतात. आमच्या हिशेब खात्याला रोख रक्कम वाटण्याची कल्पनाच सहन होईना, म्हणून आम्ही चहाचे पुडे वापरायचो. आमची प्रयोगशाळा म्हणजे सायकल स्टँडला लागून असलेली एक खोली. खेळणाऱ्यांनी एकमेकांच्या कागदात डोकावू नये म्हणून टेबलांवर आडोसे लागतात, ते आम्ही पिंपळगाव बसवंतहून आणलेली द्राक्षांची रिकामी खोकी कापून केले होते. त्यामुळे आमच्याकडे जो कोणी खेळायला बसे, त्याच्या नाकासमोर छापील द्राक्षांचा एक मोठा हिरवा घड असे.

ही खोकी देणारे पिंपळगावचे व्यापारी होते, त्यांनाही मुलांनी एकदा खेळायला बसवलं. दोघांत मिळून दहा पुडे. एकानं वाटणी सुचवायची, दुसऱ्यानं हो किंवा नाही म्हणायचं. हो म्हटलं तर तशी वाटणी होते, नाही म्हटलं तर दोघांनाही काही मिळत नाही. आडोशापलीकडच्या मुलानं शेठना तीन पुडे देऊ केले. शेठनी ठणकावून नाही म्हटलं. आमची मुलं खूश झाली, कारण अन्याय झाला की माणूस स्वतःचं नुकसान करून घेतो हे पुस्तकात लिहिलं होतं आणि ते डोळ्यांसमोर घडलं होतं. खेळ संपला असं सांगितलं, तर शेठ जागचे हलेनात.

"संपला म्हणजे? आता तो चार म्हणंल, मी सात म्हणंल, मग चहा येईल. पहिल्या बोलीला हो म्हणणारा माणूस मार्केटात टिकंल का, मॅडम?"

मी नंतर वर्गात सांगितलं, की आपण कागदावर नियम काहीही लिहिले तरी माणूस घरून आणलेल्या नियमांनी खेळतो. मुलं हसली. मीही हसले.

आमच्या धंद्यात एक कडक सोवळं आहे. खेळणाऱ्याशी खोटं बोलायचं नाही. मानसशास्त्रवाल्यांमध्ये थोडंफार खोटं चालतं, नंतर खुलासा केला की झालं. आमच्यात चालत नाही. पलीकडे माणूस आहे असं सांगितलं तर तिथे हाडामासाचा माणूस असलाच पाहिजे. पुडे त्याला पोहोचतील असं सांगितलं तर पोहोचलेच पाहिजेत. एकदा फसवणूक झाली आणि कँटीनमध्ये फुटली, की पुढच्या वर्षीपासून कोणी मनापासून खेळत नाही, सगळे मास्तरणीचा डाव ओळखत बसतात. दुसरं सोवळं गुप्ततेचं. कोण कोणाबरोबर खेळलं, हे कोणालाही कळता कामा नये. मी खडूस म्हणून जी काही प्रसिद्ध होते ती या दोन गोष्टींपायी. मुलं माझी नक्कल करत, त्यातही हीच वाक्यं असत. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतो.

समाधान माझ्या शेवटच्या तुकडीतला. नांदगाव तालुक्यातला मुलगा, वर्गात सगळ्यात हुशार. त्याची बंगळूरच्या एका संस्थेत संशोधक म्हणून निवड झाली होती, फक्त एम.ए.चा प्रबंध वेळेत पूर्ण व्हायला हवा होता. त्यानं निवडलेला प्रश्न मला फार आवडला होता. अनोळखी माणसाला आपण आपल्यातलं किती देतो, आणि तो माणूस मूळचा आपल्या भागातला आहे असं कळलं तर हात जास्त सैल होतो का?

त्यासाठी त्यानं येवल्यातल्या विणकर घरांमधल्या बायका निवडल्या. प्रत्येकीला दहा पुडे आणि एक कार्ड द्यायचं. कार्डावर नांदगावातल्या एका बाईची माहिती, पण नाव नाही. काही कार्डांवर ती मूळची येवल्याकडची असल्याचं लिहायचं, काहींवर नाही. येवल्याच्या बाईनं त्यातले हवे तेवढे पुडे ठेवायचे आणि उरलेले नांदगावच्या बाईला पाठवायचे. नांदगावातल्या बायका समाधाननं आधीच गाठून ठेवायच्या होत्या. त्याचं स्वतःचं गाव तिकडचं, त्यामुळे मी त्या बाजूची काळजीच केली नाही. कार्डाच्या मागे माझं नाव आणि कॉलेजचा पत्ता होता, कोणाला तक्रार करायची असेल तर म्हणून.

प्रयोगाच्या दिवशी मी स्वतः येवल्याला गेले होते. समाजमंदिरात सतरंज्या अंथरल्या होत्या, बाजूच्या घरांतून मागांची खटखट ऐकू येत होती. बहुतेक बायकांनी निम्म्याच्या आतबाहेर पुडे पाठवले. एकीनं मात्र सगळेच्या सगळे पाठवले. समाधान परतीच्या एस.टी.त तेवढंच बोलत होता. स्वतःसाठी काहीही न ठेवणारा माणूस आमच्या तक्त्यांमध्ये क्वचित सापडतो.

काही दिवसांनी ती बाई कॉलेजात आली. साठी ओलांडलेली, अंगानं किडकिडीत, नेसूचं पातळ स्वच्छ. येवल्याहून पहाटेच्या गाडीनं निघून विचारत विचारत आमच्या विभागापर्यंत पोहोचली होती. मथुराबाई त्यांचं नाव. मागावर लागणाऱ्या रेशमाच्या कांड्या भरून द्यायचं काम त्या करायच्या, बोटांच्या टोकांना बारीक चिरा पडलेल्या होत्या.

"म्याडम, म्या समदे पुडे धाडले व्हते. पोचले का तिला?"

"पोहोचले असतील. मुलांनी नेऊन दिले."

"चांगली हाय का ती?"

मी सांगितलं की त्या बाईंबद्दल मला काही बोलता येणार नाही, तसा नियम आहे. मथुराबाईंनी मान डोलावली आणि पिशवीतून ते कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्या दिवशी आमच्या एका मुलीनं वाचून दाखवलेलं त्यांना तोंडपाठ होतं. वय चाळिशीच्या आसपास. मूळची येवल्याकडची. नांदगावात एका खानावळीत पोळ्या करते. एकटी राहते.

"माझी निर्मला हाय ती," त्या म्हणाल्या.

निर्मला त्यांची एकुलती एक मुलगी. परजातीच्या मुलाबरोबर निघून गेली तेव्हा विशीचीही नव्हती. बापानं तिच्या नावानं आंघोळ केली आणि त्यानंतर त्या घरात तिचं नाव निघालं नाही. पुढे कधीतरी कोणीतरी तिला नांदगावच्या स्टँडवर पाहिल्याचं सांगितलं, एकटीच होती म्हणे. पण जाऊन शोधायची मथुराबाईंना सोय नव्हती. आता मालक वारले होते.

"लय पातळ लाटायची पोळी. शेजारच्या लग्नाला तिलाच बोलवायचे. तुमी नाव नका सांगू, म्याडम. निस्तं एवढंच सांगा, उजव्या भुवईवर खूण हाय का तिला? लहानपनी पडली व्हती."

मला ते माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. मी म्हटलं, "हे पाहा, मी नियम मोडू शकत नाही. पण त्या बाईंची परवानगी असेल तर काहीतरी करता येईल. मी विचारते."

"इचारा. घाई नाय."

त्या गेल्या. मला आनंद झाला होता, तो लपवण्यात काही अर्थ नाही. इतकी वर्षं पुड्यांचे तक्ते करण्यात घालवली, त्यातून एका आईला तिची मुलगी सापडते आहे, असं वाटलं. मी समाधानला बोलावून घेतलं आणि ते कार्ड कोणत्या बाईचं आहे ते विचारलं. त्यानं कार्ड वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, अशी कोणी नाही."

"म्हणजे?"

"मूळच्या येवल्याकडच्या बायका नांदगावात मिळतच नव्हत्या. दोघी-तिघी मिळाल्या. त्यांच्यावर प्रबंध कसा होणार? मग बाकीची कार्डं मी लिहिली."

"मनानं?"

"आमच्या खानावळीत एक मावशी पोळ्या करायच्या, त्यांच्यावरून हे सुचलं. त्या चाळीसगावच्या. पुडे माझ्या खोलीवर आहेत, मॅडम, मी एकही वापरला नाही. नंतर सगळ्यांना खुलासा करणारच होतो. मानसशास्त्रवाले करतात ना?"

मला इतका राग आला की मी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि परत ठेवला. आयुष्यात विद्यार्थ्यावर हात उगारला नाही, त्या दिवशी मात्र थोडक्यात वाचला. मी एवढंच म्हटलं, "खुलासा करायचाय ना? चल. आधी त्यांच्याकडे जाऊ."

मथुराबाईंचं घर एका खोलीचं, कोपऱ्यात कांड्या भरायचा रहाट. आम्हाला पाहून त्या उठल्या आणि आमच्या मागे दाराकडे पाहत राहिल्या. मी बसले, समाधान बसला, तरी त्यांची नजर दारातच होती. दार लोटून घ्यायला मला जड गेलं.

मी सगळं सांगितलं. असं कसं झालं, का झालं, कार्ड कोणी लिहिलं. शक्य तितक्या सोप्या शब्दांत आणि काहीही न लपवता. आमच्या शास्त्रात खुलासा कसा करावा यावर मी कित्येक वर्षं व्याख्यानं दिली होती. मथुराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिनंच सांगितलं ना, नाय म्हनून सांगा?"

"नाही हो. तशी कोणी बाईच नाही. या मुलानं लिहिलं आहे ते."

"त्या दिशी तुमी म्हनल्या, तिची परवानगी असंल तर बघू. बाईच नव्हती तर परवानगी कुनाची इचारनार व्हत्या?"

"तेव्हा मलाही माहीत नव्हतं."

"बरं," त्या म्हणाल्या. लहान मुलानं थाप मारली आणि आपल्याला ती पकडायची नसली, की आपण म्हणतो तसं.

मग समाधान पुढे सरकला. "आजी, खरंच मी खोटं लिहिलं. चुकलो मी," असं म्हणता म्हणता तो रडायलाच लागला. त्याचं ते रडणं खरं होतं, आणि त्यानंच सगळं बिघडवलं. मथुराबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको, बाळा. तुला सांगाया लावलं, तू सांगितलंस. तुझा काय दोष?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोराला कशाला वडता यात, म्याडम? मला समजतं. राग हाय तिचा, आन तो असनारच. बापानं तिच्या नावानं आंघोळ केली ना, त्या पान्याला जाळ म्या घातला व्हता. ती तवा गावातच व्हती, तिच्या कानावर गेलं असंल."

मी पुन्हा एकदा सांगितलं, की निर्मलेचा आम्हाला काहीही ठावठिकाणा नाही, ती कुठे आहे, आहे की नाही, काहीच माहीत नाही. त्या ऐकत होत्या आणि मधूनमधून मान डोलवत होत्या. मी शब्दाची पक्की आहे, मुलीनं घातलेली अट मी मोडत नाही, याचं त्यांना कौतुक वाटत होतं.

"जित्ती हाय, कामाला हाय, एवढं कळलं," त्या म्हणाल्या. "च्या टाकते."

खोटी कार्डं मिळालेल्या बाकीच्या बायकांकडे आम्ही घरोघर गेलो. त्यांनी समाधानला दोन शब्द सुनावले, पुडे परत घेतले आणि प्रकरण तिथे संपलं. मथुराबाईंनी पुडे घेतले नाहीत. लेकीला दिलेलं परत घेत नाहीत, म्हणाल्या. समाधानचा प्रबंध मी नामंजूर केला. विभागातल्या दोघांनी सुचवून पाहिलं की खोटी कार्डं वगळून उरलेला भाग मान्य करावा, पोराचं आयुष्य आहे. मी ऐकलं नाही. बंगळूरची जागा गेली. पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा प्रबंध केला नाही, आता पिंपळगावला एका शीतगृहात नोकरी करतो असं ऐकते. तो चांगला संशोधक झाला असता, हे मला पक्कं माहीत आहे. याचं मला वाईट वाटतं, तरी पुन्हा वेळ आली तर मी तेच करेन.

मग मी नांदगावला गेले. कोणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच राहवेना. स्टँडजवळच्या खानावळी, बाजारातल्या खानावळी, मंगल कार्यालयांना पोळ्या पुरवणाऱ्या बायका, सगळीकडे विचारलं. उजव्या भुवईवर खूण असलेली, येवल्याकडची, निर्मला. पुन्हा एकदा गेले. एका खानावळीच्या मालकानं विचारलं, "तुमच्या कोण त्या?" मी पुढच्या खानावळीकडे वळले. निर्मला सापडली नाही. सापडली असती तर निदान माझं म्हणणं खोटं ठरलं असतं आणि मला ते चाललं असतं.

निवृत्त झाल्यावर मला वाटलं होतं की आता हे मागे पडेल. गेल्या हिवाळ्यात कॉलेजच्या शिपायानं घरी एक पार्सल आणून दिलं, येवल्याहून आलेलं. आत नवा शिवलेला झंपर होता, जांभळा, बाह्यांना पैठणीच्या उरलेल्या तुकड्याचा काठ. चिठ्ठी वगैरे काही नव्हती, आणि तो कोणासाठी आहे हे कळायला तिची गरजही नव्हती. तो झंपर मी कपाटात ठेवला, आणि त्याच दिवशी पुन्हा बाहेर काढला. ठेवून घेतला तर मुलीनं ठेवून घेतला असं होणार. टपालानं परत पाठवला तर मुलीनं परत पाठवला असं होणार. आमच्या शास्त्रात अशा वेळी प्रयोग थांबवा असं सांगितलं आहे. हा कसा थांबवायचा ते कुठे लिहिलेलं नाही.

शेवटी मी स्वतः घेऊन गेले. समोर बसून, हातात हात घेऊन सांगावं, म्हणजे तरी पटेल असं वाटलं. मथुराबाई आणखी वाळल्या होत्या. मी झंपर त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं, "मथुराबाई, हा कोणालाही दिलेला नाही. द्यायला कोणी नाही. माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगते."

त्यांनी झंपर उलटा केला. खिडकीजवळ नेऊन उजेडात धरला आणि काखेतल्या शिवणीवरून बोट फिरवलं. टपालात दाबून आल्यामुळे तिथे कापड थोडं चुरगळलं होतं.

"घालून बघितला वाटतं," त्या म्हणाल्या. "बगा, हितं वडला गेलाय. माप म्याच जुनं धरलं, ती गेली तवाचं. आता अंगानं भरली असंल ती. सांगा तिला, पुढला सैल शिवते."